गेटवर बसा, पण वाट सोडून

मॅडम, नमस्कार.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात शिलाई खात्यात आहे. माग, वायंडिंग, शिलाई, पॅकिंग मिळून आम्ही दीडेकशे माणसं. महागाई भत्त्याची थकबाकी आणि शिलाईचा दर यावर मालक वर्षभर नुसतं "बघू" म्हणतोय. आमची युनियन नोंदणी झालेली आहे. ३ तारखेला संपाची नोटीस दिली, २० तारखेपासून संप. मधे १२ तारखेला कामगार आयुक्तांच्या ऑफिसात समेटाची बैठक झाली, मालक आला नाही, मॅनेजरला पाठवलं. पुढची तारीख २४ मिळाली.

आता मालकाच्या वकिलाची नोटीस आली आहे की गेटपासून २०० मीटरच्या आत दिसलात तर केस करू. आमची तरुण पोरं पेटली आहेत. गेटला आडवं पडू, सुताचा टेम्पो आत सोडायचा नाही, कामावर जाणाऱ्यांना बांगड्यांचा आहेर करू, मालकाच्या बंगल्यावर मोर्चा नेऊ, असं चाललंय. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "सोलापूरनं मार्शल लॉ सोसला आणि तुम्ही वकिलाच्या कागदाला भिता?" ते मनाला लागलं.

माझी अडचण घरातली पण आहे. माझा धाकटा दीर त्याच कारखान्यात माग चालवतो आणि तो संपात नाही. त्याच्या डोक्यावर बचत गटाचे आणि फायनान्सचे हप्ते आहेत. मला गेट कमिटीवर घेतलंय. त्याला गेटवर अडवता येतं का? अडवलं तर कायदा काय म्हणतो?

एक कामगार भगिनी, सोलापूर

ताई,

तुम्ही गेटबद्दल विचारलंत, पण पत्र वाचताना माझा जीव अडकला तो तारखांत. आधी तेच बोलते, कारण तिथं चुकलं तर गेटचा प्रश्नच उरणार नाही.

नोटीस ३ ची, संप २० चा, म्हणजे मधे १४ दिवस जाऊ दिलेत. इथपर्यंत बरोबर. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता हा मालक-कामगार वादांचा नवा कायदा लागू झाला आहे. संपाची नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्यानं, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं, पहिली बैठक घेतली, की त्या दिवसापासून समेटाचं कामकाज सुरू झालं असं ही संहिता मानते. ते चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी ७ दिवस संप करता येत नाही. तुमची पहिली बैठक १२ तारखेला झाली आणि पुढची २४ ला आहे. म्हणजे २० तारखेला तुम्ही बाहेर पडलात, तर संप पहिल्या पाळीपासूनच बेकायदा. बेकायदा संपात उतरलेल्या कामगाराला १ हजार ते १० हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला तर १० हजार ते ५० हजारांपर्यंत दंड, आणि कैद आहेच. गेट कमिटीच्या यादीत तुमचं नाव आहे, हे लक्षात ठेवा. शिवाय सिंडिकेट बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९४ साली सांगून ठेवलंय की संपाच्या दिवसांचा पगार मिळायचा तर संप कायदेशीरही हवा आणि न्याय्यही हवा. तुमची मागणी न्याय्य आहे याबद्दल मला शंका नाही. पण एका तारखेपायी ती हातची घालवू नका.

मग करायचं काय? संपाची नोटीस आलेली असेल तर समेट अधिकाऱ्यानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. १२ पासून मोजलं तर २६ तारीख येते. २४ च्या बैठकीत हे लेखी द्या आणि तारखेवर तारीख नको असं स्पष्ट सांगा. समेट फिसकटला आणि अहवाल वेळेत गेला, तर पुढचे ७ दिवस धरून पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमची वाट मोकळी होते. तुमची ३ तारखेची नोटीस ६० दिवस जिवंत आहे, त्यामुळे घाई करायची गरज नाही. संपाची नवी तारीख मालकाला आणि कामगार आयुक्तांच्या ऑफिसला लेखी कळवा, पोच घ्या.

एक धोका मात्र आहे. समेट फिसकटल्यावर मालकानं औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज टाकला, तर ते प्रकरण चालू असेपर्यंत आणि नंतर ६० दिवस पुन्हा संपाला बंदी. संपाचा हक्क कायद्यात ठेवायचा आणि त्याच्याभोवती एकावर एक कुंपणं घालायची, याची मला मनापासून चीड येते. देशभरातल्या कामगार संघटनांनी याला विरोध केला तो उगाच नाही. तरीही आज कायदा हा असा आहे, आणि दंड भरावा लागेल तो तुमच्या शिलाईच्या पैशातून. "संप नको तर सगळे एकदम रजा टाकू" ही शक्कलही कुणीतरी काढेल. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर नव्या व्याख्येत तोही संपच.

संप पुढं गेला म्हणजे गप्प बसायचं असं नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी आणि सुटल्यावर गेटबाहेर द्वारसभा घ्या. काळ्या फिती लावून कामावर जा. शांततेनं निदर्शनं करणं हा संविधानाच्या कलम १९ मधला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात १९६२ सालीच मान्य केलं आहे. त्याच निकालात संपाचा हक्क मूलभूत नाही असंही म्हटलंय. म्हणून संपाला तारखांची बेडी आहे, तशी निदर्शनाला नाही.

आता वकिलाची नोटीस. तिला कोर्टाचा हुकूम समजू नका. मालकाच्या बाजूनं आलेलं ते एक पत्र आहे, त्यावर न्यायाधीशाची सही नाही. गेटपासून इतक्या मीटरच्या आत कामगारानं यायचं नाही, असं अंतर कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. असे मीटर ठरतात ते कोर्टाच्या मनाई हुकमात, आणि तेही प्रत्येक प्रकरणात वेगळे. नोटिशीला युनियनच्या लेटरहेडवर चार ओळींचं उत्तर द्या: आम्ही शांततेनं बसणार आहोत, कुणाची वाट अडवणार नाही. पुढं कोर्टात हाच कागद तुमच्या कामाला येईल.

आता गेट. संपाचा दिवस उजाडला असं धरू. सकाळचे पावणेसात. गेटच्या दोन्ही अंगाला तुम्ही बायका बसलेल्या, मागं झेंडे. सायकली, मोटारसायकली यायला लागतात, हँडलला डबे लटकलेले. आत जाणारा मान खाली घालून जातो. त्या क्षणी तुम्हाला काय करता येतं? त्याला हाक मारता येते. नावानं थांबा म्हणता येतं, पत्रक हातात देता येतं, थकबाकी किती आणि त्यातली त्याची किती हे सांगता येतं. घोषणा देता येतात. तो थांबला तर पाच मिनिटं बोलता येतं. पण सायकलचं हँडल धरता येत नाही. हात पसरून आडवं होता येत नाही. चौघांनी मिळून त्याला घेरता येत नाही. "आत गेलास तर बघून घेऊ" हे तर मुळीच नाही. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यतेचा कायदा घ्या नाहीतर नवी संहिता, दोन्हीत जवळपास एकच वाक्य आहे: संपात नसलेल्या कामगाराला कामाच्या जागी जाण्यापासून शरीरानं रोखलं जाईल असं पिकेटिंग (गेटवर धरलेला पहारा) म्हणजे अनुचित कामगार प्रथा (कायद्यानं मना केलेली वागणूक). तिला नव्या संहितेत १० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे. पोलीस वेगळे येतील ते भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ घेऊन. माणसाला त्याच्या हक्काच्या वाटेनं जाऊ न देणं हा तिथं गुन्हा आहे, त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड. धमकीचं कलम आणखी निराळं.

म्हणून पहिल्या दिवशी पहाटेच गेटसमोर फक्कीनं दोन रेघा मारून घ्या, मधे टेम्पो सहज जाईल एवढी वाट सोडून. रेघेच्या आत कुणी पाय टाकायचा नाही हे आपल्या लोकांना बजावा, आणि त्यावर नजर ठेवायला दोघींना उभं करा. एकीनं मोबाईलवर सतत चित्रण करत राहायचं. मालकाचा सीसीटीव्ही तर चालूच असणार, त्यात जे दिसेल तेच तो कोर्टात दाखवेल. मोकळी वाट तुमच्याही चित्रणात दिसली पाहिजे.

गेटच्या आत आणि कारखान्याच्या आवारात सभा, ठिय्या नको. मालकाच्या जागेत सभा घ्यायचा हक्क कामगाराला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली रेल्वेच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. बसायचं ते रस्त्याच्या कडेला, आणि रस्ता अडेल असा मांडव घालायचा नाही.

दिराचं. ताई, त्याला गेटवर हात लावायचा नाही, एवढं कायद्याचं उत्तर. पण तुमच्या हातात गेटच्या आधीची एक जागा आहे, ती इतर कुणाकडं नाही. रात्री जेवणं झाल्यावर त्याच्याशी बोला. हप्ते किती, कुणाचे, संप पंधरा दिवस चालला तर घर कसं चालेल, हे त्याच्यासमोर मांडा. युनियननं संप-निधी काढला असेल तर त्यातून कुणाला किती मिळणार, हेही सांगा. तो हप्त्याच्या भीतीनं आत जातोय, मालकाच्या प्रेमापोटी नाही. त्याला फितूर म्हणून तो बाहेर येणार नाही. आणि तरीही तो गेलाच, तर त्याला जाऊ द्या, घरात अबोला धरू नका. सासूबाईंना यात ओढू नका. संप आज ना उद्या मिटेल. तुम्हाला एकाच घरात राहायचं आहे.

बांगड्यांच्या आहेराबद्दल माझं मत कायद्याच्या आधीचं आहे. शिलाई खात्यात दिवसभर मशीनवर बसून मान मोडून काम करणाऱ्या बायकांच्या संपात, बाईची बांगडी हा भित्रेपणाचा शिक्का म्हणून वापरायचा? ज्या पोरांना हे सुचलं त्यांना तुम्हीच विचारा. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर भर रस्त्यात घेरून आहेर करणं धमकीत आणि दडपणात सहज ओढलं जातं. कामावर जाणाऱ्यांचे फोटो "गद्दार" लिहून व्हॉट्सॲपवर फिरवणं तसंच. दोन्ही नको.

टेम्पोसमोर आडवं पडणंही नको. संहितेनं दिलेलं संरक्षण कशाला आहे ते समजून घ्या. १९२० च्या सुमाराला मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी मद्रास लेबर युनियनला कोर्टात खेचलं आणि उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम आणला. संप करायला सांगितलं म्हणून पुढारी नुकसानभरपाईच्या दाव्यात अडकले. हे पाहून आपले कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी केली आणि त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. त्यातलं संरक्षण आता नव्या संहितेत आहे. नोंदणी झालेल्या युनियनच्या लोकांनी एकत्र येऊन संप ठरवला, त्यामुळं मालकाचा धंदा बुडाला, ऑर्डर गेली, तरी तेवढ्यावरून तुमच्यावर कटाचा गुन्हा किंवा भरपाईचा दावा चालत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे, लढून मिळालेली. पण मारहाण, धमकी, वाट अडवणं यांना ती झाकत नाही. टेम्पो अडवलात की या संरक्षणाच्या बाहेर पडलात. ड्रायव्हरला हात जोडून सांगा, पत्रक द्या. जमलं तर आदल्या दिवशी वाहतूकवाल्यांच्या संघटनेला भेटा. ड्रायव्हरनं आपणहून टेम्पो वळवला तर त्यात काहीही बेकायदा नाही.

बंगल्यावर मोर्चा तर मनातूनच काढून टाका. मालकाच्या किंवा मॅनेजरच्या घरासमोर निदर्शनं करणं ही कायद्यातल्या यादीत नाव घेऊन लिहिलेली अनुचित प्रथा आहे. मॅनेजरला घेराव घालणं, पाळी संपल्यावर आत ठाण मांडणं, मुद्दाम मंद काम करणं हीसुद्धा त्याच यादीत. मोर्चा काढायचाच तर पूनम गेटला धरणं धरा, कलेक्टर कचेरीवर जा, कामगार आयुक्तांच्या ऑफिसवर जा. तिथं पत्रकारही येतात. बंगल्यासमोर गेलात तर बातमी मालकाच्या घाबरलेल्या घरच्यांची होईल, तुमच्या शिलाईच्या दराची नाही.

त्या जुन्या कार्यकर्त्यांना माझा नमस्कार सांगा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या गावचे चौघं येरवड्यात फासावर गेले, हे या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. पण ते परक्या सरकारसमोर उभे होते. तुम्ही गेटला आडव्या पडलात तर तुमच्या अंगावरून जायला निघेल तो हप्ते थकलेला तुमचाच माणूस.

पोलिसांचं थोडक्यात. शहरात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी लावतात. असा हुकूम सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, पण संपलेल्या हुकमाच्या मागोमाग दुसरा निघू शकतो. म्हणून संपाच्या आधी एमआयडीसी पोलीस ठाण्यात जाऊन चालू हुकूम बघा आणि किती जण, कुठं, किती वाजेपर्यंत बसणार याचं लेखी पत्र देऊन परवानगी मागा. लाऊडस्पीकरला वेगळी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच ठेवायचा.

मर्यादा मालकालाही आहेत, आणि त्या आपल्या लोकांना ठाऊक नसतात. संप कायदेशीर असताना त्याच्या काळात नवे कामगार भरणं ही मालकाची अनुचित प्रथा आहे. युनियनमध्ये आहेस म्हणून काढून टाकीन अशी धमकी देणंही तसंच. म्हणून एक दोनशे पानी वही घ्या. रोज सकाळी कोणती गाडी किती नवी माणसं घेऊन आली, गाडीचा नंबर, वेळ, कोणत्या ठेकेदाराची, हे लिहा आणि खाली दोघींच्या सह्या घ्या. तुमचा संप कायदेशीर असेल तरच ही वही कामाला येईल. २० तारखेचा हट्ट सोडा असं मी म्हणते, त्यामागं हेही एक कारण आहे.

शेवटची गोष्ट वकिलाकडून करून घ्यायची. मालक दिवाणी न्यायालयात जाऊन गेटपासून अमुक मीटरच्या आत यायचं नाही असा तात्पुरता मनाई हुकूम मागेल, आणि तो बहुधा तुमचं म्हणणं ऐकायच्या आधीच मागेल. त्याच्या आधी तुम्ही कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं, आणि तेवढ्या काळात तुम्हाला कळवल्याशिवाय कोर्ट असा हुकूम सहसा देत नाही. तरीही हुकूम झालाच, तर त्याची प्रत मिळवा आणि शब्द न् शब्द वाचा. पुष्कळदा त्यात फक्त वाट अडवणं आणि दमदाटीला मनाई असते, लांब शांतपणे बसायला नसते. हुकूम चुकीचा वाटला तर बदलून मागायला त्याच कोर्टात अर्ज करता येतो. पण बदलून मिळेपर्यंत तो पाळायचाच. मोडला तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

आणि २४ च्या बैठकीला नुसते पुढारी पाठवू नका. शिलाई खात्यातल्या तुम्ही दोघीतिघी जा. एका पाळीत किती टॉवेल शिवून होतात, दर किती, सुईदोऱ्याचे पैसे कापतात का, हे पगाराच्या चिठ्ठ्या पुढं ठेवून सांगा. मॅनेजर पुन्हा "मालकांना विचारतो" म्हणाला, तर ते वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि त्याची प्रत मागून घेतल्याशिवाय उठू नका.